मफलर पिशवीत वर ठेवलाय

नांदूर मधमेश्वर, ता. निफाड
शनिवार, १० जानेवारी २०२६

चि. बाळू यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मी पत्र लिहायला बसलोय म्हणून तुझी आई दोनदा येऊन बघून गेली. फोन नाही का, म्हणते. फोन आहे. पण फोनवर तिसऱ्या वाक्याला तुझा आवाज चढतो, चौथ्याला माझा, आणि पाचव्याला ती फोन काढून घेते. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, हा एक फायदा. नोकरीत पाणीपातळीची वही रोज लिहायचो, त्यानंतर हातात पेन म्हटलं तर बँकेच्या स्लिपपुरतं. तेव्हा अक्षर सांभाळून घे.

काल तुझा फोन झाला तेव्हा मी ओट्यावरच होतो. ती म्हणाली, मंगळवारी भोगीच्या रात्री दुसरी पाळी सुटली की निघतो म्हणाला, साडेबारापर्यंत पोचतो. आनंदानं सांगत होती. मी काही बोललो नाही.

तू ये. हे आधी लिहितो, नाहीतर पुढचं वाचून म्हणशील की आप्पांना मी यायलाच नको आहे. ये आणि १५ ला मतदानाची सुट्टी आहे तर तोपर्यंत राहा. फक्त रात्री गाडीवर निघू नको. मंगळवारी खोलीवर झोप, बुधवारी पहाटेची पहिली एसटी धर, निफाडला मी स्टँडवर उभा राहतो. झालं. हे एकदाच लिहायचं ठरवलं होतं आणि लिहून झालं. आता परत काढणार नाही.

गावाकडची खबर सांगतो.

थंडी बरी पडली आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा रोज सकाळी व्हॉट्सॲपवर फिरतो आणि निफाड राज्यात सगळ्यात थंड म्हणून पोरं असे स्टेटस ठेवतात जणू यांनीच पारा उतरवला. २०१८ च्या डिसेंबरात १.८ ला गेला होता, आठवतं? द्राक्षाच्या पानावरचं दव पांढरं झालं होतं, आणि तू ते नखानं खरवडून आजीला, आपल्या बाईला, दाखवायला आणलंस, तर घरात येईपर्यंत बोटावर पाणी. यंदा तेवढं नाही. पण पहाटे चार ते सहा हात बाहेर काढवत नाही. बाई गोधडीतूनच चहा मागते.

बागेचं सांगायचं तर दिवाळीत तू जे बोललास ते निम्मं खरं ठरलं. पाऊस नोव्हेंबर लागेपर्यंत हटला नाही, घड जिरले, आपल्या वरच्या तुकड्यात काही वेली नुसत्या पाल्यावर आहेत. खालच्या तुकड्यात मात्र माल धरलाय. मणी आता फुगवणीवर आहेत आणि याच वेळेला थंडी नडते. फुगवण थांबते, आणि पाणी उतरलेल्या मण्याला तडा जातो. म्हणून पहाटे ड्रिप सोडतो, विहिरीचं पाणी त्या वेळेला कोमट असतं. बांधाला पाचट आणि ओली लाकडं लावून शेकोट्या करतो. सगळ्या शिवारात धूर. लांबून बघणाऱ्याला वाटावं गावाला आग लागली आहे. तू लहानपणी त्या शेकोटीत बोरं भाजायचास. बोरं कुणी भाजतं का!

तर वरचा तुकडा काढून टाकावा असं माझंही मत होत चाललंय. ते तुझ्या तोंडून आलं तेव्हा मला झोंबलं. तू बाग विका म्हणाला नव्हतास, वेली काढा म्हणाला होतास. मी विका ऐकलं. आई म्हणते तुम्हाला अर्धंच ऐकू येतं. आणि मी जे म्हणालो, की तू तुझी मशीन सांभाळ, तुला माती काय कळते, ते मी बोलायला नको होतं. तुला माती कळते. पाणी तर माझ्याहून जास्त कळतं.

पाण्यावरून आठवलं, यंदा पाखरं भरपूर आहेत. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तलवार बदकांचा नुसता गालिचा. थापटे आहेत, चक्रवाकाच्या जोड्या आहेत. मांजरगावच्या बाजूला क्रौंच उतरतात असं मासे धरणारे सांगतात, हरभऱ्यात चरतात म्हणून शेतकरी बोंब मारतात. रोहित मात्र मी पाहिले नाहीत. जलपर्णी परत वाढली आहे, नाशिकचं सगळं खाली आपल्याकडेच येतं. सिंहस्थाच्या तयारीत नदी साफ करणार म्हणतात. करोत.

परवा चापडगावच्या मनोऱ्याकडे गेलो होतो. शाळेच्या सहली आलेल्या. गाईडमधला एक पोरगा, तुझ्या हाताखाली शिकलेला तो, दुर्बीण पोरांच्या डोळ्याला लावून सांगत होता, "हा काळा, कपाळावर पांढरा टिळा, याचं नाव वारकरी. हा त्र्यंबकला जात नाही, पाण्यातच वारी करतो." वाक्य तुझं आहे. शब्दन् शब्द तुझा. मी काही बोललो नाही, पण तिथून पंधरा मिनिटं हललो नाही. तोच नंतर म्हणाला, आप्पा, दादाला सांगा, त्याच्या वहीतली मराठी नावं आम्ही अजून तीच वापरतो.

तुला सांगितलं नव्हतं कधी. ३५ वर्षं मी त्या पाण्यावर नोकरी केली. गेट, पाट, आवर्तन, कोपरगाव-वैजापूरकडून येणारे फोन, पाणी कुठं मुरलं म्हणून साहेबांच्या शिव्या. गोदावरीला कादवा मिळते तिथं इंग्रजांनी शंभर वर्षांमागं दगडी बंधारा घातला, त्यात गाळ भरत गेला, आणि खात्याच्या लेखी तो गाळ म्हणजे दुखणं. प्रत्येक अहवालात गाळ. मी त्या पाण्याकडे कायम दलघफूट, म्हणजे दशलक्ष घनफुटांचा आकडा म्हणूनच पाहिलं. तू नऊ-दहा वर्षांचा होतास, मला म्हणालास, आप्पा, गाळ आहे म्हणून उथळ आहे, उथळ आहे म्हणून पाखरं उभी राहतात. गाळ काढला तर ती कुठं उभी राहतील? एका पाटकऱ्याला त्याच्या पोरानं असं विचारावं. त्या रात्री वहीत पातळी लिहिताना मी थांबलो होतो.

२०२० च्या जानेवारीत रामसरची बातमी आली, जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या त्या यादीत महाराष्ट्रातली पहिली जागा आपली, तेव्हा तू पेपर हातात घेऊन चौकातून घरापर्यंत पळत आलास, गाडी तिथंच सोडून. मला वाटलं कुणी गेलं की काय. आणि मग दोन महिन्यांत सगळं बंद पडलं, पर्यटक नाहीत, मनोऱ्याला कुलूप, आणि तू आयटीआयचं सर्टिफिकेट ट्रंकेतून काढलंस. मी तेव्हा म्हणालो होतो, बरं झालं, पाखरांनी पोट भरत नाही. ते वाक्य मी फिरवून घ्यायला बघतोय, पण कागदावर कसं फिरवायचं ते कळत नाही.

असो. खबर सांगत होतो.

त्र्यंबकच्या दिंड्या सुरू झाल्या. काल एक दिंडी मारुतीच्या देवळात मुक्कामी होती, वरच्या अंगाची, सगळे म्हातारे आणि चार पोरं. आपल्याकडून पिठलं-भाकरी होती, तुझ्या आईनं आणि शेजारच्या काकूंनी मिळून शेकड्यावर भाकरी थापल्या. रात्री भजनाला मी टाळ धरला. निवृत्तिनाथांची वारी पौषातली असल्यामुळे आषाढीसारखा पाऊस नाही, पण थंडी हाडात शिरते. ते लोक पहाटे चारला काकडा करून निघाले. रस्त्याच्या कडेनं, एकामागं एक. त्यांच्या शेवटच्या माणसाच्या पाठीला लाल चकाकणारी पट्टी लावलेली होती. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, उसाच्या ट्रॉल्या चालतात ना रात्रीच्या, त्यांना आम्ही दिसत नाही.

बघ, चालणाऱ्या माणसालाही कळतं.

मी काढणार नव्हतो. पण तू म्हणशील, हेडलाईट आहे, रस्ता चांगला आहे, तासाभराचं काम आहे. रस्ता चांगला झालाय तेच वाईट आहे. चांदोरीपासून इकडे नदीच्या अंगानं धुई इतकी दाट पडते की समोरची गाडी दिसायच्या आधी तिचा वास येतो. गाळप जोरात आहे. ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडे हातभर बाहेर आलेला, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि पुढं टेप मोठ्यानं लावलेला, त्यामुळे मागून कुणी हॉर्न दिला तरी त्याला पत्ता नाही. तुझ्या धाकट्या काकाचं मी काढत नाही. तुझी आजी घरात आहे, तिच्यासमोर आम्ही कुणीच काढत नाही. पण तोही तासाभराचाच रस्ता होता. जानेवारीच होता.

दिवाळीत तू मला उत्तर काय दिलंस ते मी विसरलेलो नाही. म्हणालास, आप्पा, बदकं हिमालय ओलांडून येतात तीपण रात्रीचीच उडतात, त्यांना काही होत नाही. त्या वेळेला मला उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय. बदकांच्या आभाळात उसाची ट्रॉली नसते.

त्या रात्री तू किक मारलीस तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी आत गेलो असं तुला वाटलं असेल. मी गोठ्याच्या बाजूला होतो. गाडी पुलावर चढली की आवाज बदलतो, खाली पाणी असल्यामुळे तो पसरतो, हे तुला माहीत आहे का? इतक्या वर्षांत मला कोणाची गाडी पुलावरून जातेय ते आवाजावरून कळतं. तुझी गेली. नंतर मी दीडपर्यंत बसून होतो, आणि दीडला तू आईला "पोचलो" असा एक शब्द पाठवलास. मला नाही. बरोबरच आहे, मला कशाला.

आणि सकाळी बघतो तर खुंटीला मफलर.

माझाच तो, चौकटीचा, तिबेटियन मार्केटमधून घेतलेला. गेटवर रात्रपाळीला असताना मी तोच बांधायचो. तू कंपनीत लागलास तेव्हा आपणहून नेलास. मला बरं वाटलं होतं. तो तिथं लटकलेला बघून मला वाटलं मुद्दाम ठेवून गेलास. आई म्हणते विसरला असेल. आता तिचं बरोबर धरतो.

हा मफलर थंडीसाठीच आहे असं समजू नको. संक्रांत आली आहे. येवल्यात तर तीन दिवस आभाळ दिसत नाही, मांज्याच्या आसाऱ्या फिरतात, हलकडीचं वाद्य वाजतं, मान्य, मजा असते, मीही गेलोय तुला खांद्यावर घेऊन. पण आता नायलॉनचा मांजा आलाय. २०१७ पासून बंदी आहे म्हणतात, आणि तरी दरवर्षी कुणाचा तरी गळा, कुणाचं बोट, कुणाची पापणी. तुला मी काय सांगायचं? बंधाऱ्याच्या बाभळीवर उलटा लटकलेला तो करकोचा तूच काढला होतास, पंखातून मांजा सोडवताना तुझीच दोन बोटं कापली होती. पाखराला दिसत नाही तो तुला गाडीवरून दिसणार आहे? म्हणून तू दिवसा गाडीवर फिरशील तेव्हासुद्धा, कंपनीत जाता-येतासुद्धा, महिनाअखेरपर्यंत गळ्याला तो दोन वेढे देऊन बांध. टोकं जॅकेटच्या आत. मोकळी ठेवू नको, चाकात जातात.

लेक्चर झालं ना? झालं. तुझ्या वयाच्या माणसाला मफलर कसा बांधायचा ते मी सांगतोय. तू कंपनीत लाखोंची मशीन चालवतोस, साहेब तुझ्या भरवशावर पाळी सोडून जातो असं तुझा मित्र सांगत होता. मी ते गावात चार ठिकाणी सांगितलं आहे. तुझ्या तोंडावर सांगता येत नाही एवढंच.

आईचा एक घोळ चाललाय तो सांगतो म्हणजे तुला हसू येईल. यंदा संक्रांत आणि पौष वद्य एकादशी एकाच दिवशी, बुधवारी. बाईचं म्हणणं, ही षट्तिला एकादशी, म्हणजे तीळ चालतो. तिळाचा लाडू खाता येईल पण गूळपोळीला कणीक आहे, ती चालणार नाही. तुझी आई म्हणते मग संक्रांतीला गूळपोळी नाही करायची? बाई म्हणते बाळूला कर, त्याला कुठं उपास आहे. यावर दोन दिवस चर्चा झाली. शेवटी ठरलं की गूळपोळी गुरुवारी. म्हणजे गुरुवारी दुपारपर्यंत तुला राहावंच लागेल. भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी तुझ्यासाठी झाकून ठेवू, बुधवारी सकाळी आल्यावर खा. शिळी भोगी जास्त लागते, तूच म्हणतोस.

आत्याचा विषय मिटला. सातबाऱ्यावर सही झाली. याहून जास्त लिहीत नाही, आल्यावर बोलू. कांद्याचं तर विचारूच नको, लासलगावला लाल कांद्याची ट्रॉली घेऊन गेलेला माणूस परत येताना कुणाशी बोलत नाही.

पक्षीमहोत्सवाचं वनखात्याचं चाललंय. कुणीतरी तुझा नंबर मागितला. मी दिला. चुकलं असेल तर सांग. एखादा रविवार जमला तर ये असं ते म्हणतात, मानधन काही नाही, टी-शर्ट देतात.

वनखात्यावरून एक सांगायचं राहिलं. लिहू की नको असं करत इथपर्यंत आलो.

मोती आता नाही.

आईनं तुला सांगितलं नसणार, मीच म्हणालो होतो की तो आल्यावर सांगू. पण तू बुधवारी आलास आणि फाटकाशी तो आला नाही म्हणजे... त्यापेक्षा आताच कळलेलं बरं. साखळी तशीच आहे. बिबट्यानं नेला. पलीकडच्या मळ्यातला ऊस तुटला ना, त्यात तो राहत असावा. ऊस गेला की ते असे बांधाबांधानं फिरतात. उसात जन्मलेली पिल्लं, त्यांना जंगल माहीतच नाही, तूच सांगायचास. आता ओढ्याच्या कडेला पिंजरा लावलाय, आत शेळी. बिबट्या तिकडे फिरकला नाही, शेळीच ओरडून ओरडून बसली आहे. लहान पोरं शाळेत घोळक्यानं जातात, मागं दोन बाया काठ्या घेऊन. ऊसतोडवाल्यांच्या कोप्या उघड्यावर आहेत, त्यांचं मला जास्त वाटतं, तान्ही लेकरं आहेत त्यात.

तुझ्या आईला असं माहीत आहे की मोती रात्री घरून सुटून गेला. तसं नाही. हे पत्र तिला वाचून दाखवू नको.

त्या आठवड्यात आपल्या फीडरला लाईट रात्रीची होती. दोनला मोटर चालू करायला गेलो, तो मागं आला. नेहमी येतो. विहिरीपाशी मी स्टार्टरच्या पेटीला हात घातला आणि तो एकदा भुंकला. दुसऱ्यांदा भुंकायला लागला आणि ते अर्ध्यातच राहिलं. मी वळेपर्यंत काही नाही. माझ्या हातातली बॅटरी मिणमिणती, तिचा उजेड दहा पावलं जाईना. मोटरच्या खोलीत शिरून दार ओढून घेतलं आणि उजाडेपर्यंत तिथंच उभा राहिलो. हाक मारायलाही आवाज फुटला नाही. गुडघा तेव्हा पाटाच्या कडेला आपटला, तो बरा आहे. आईला सांगितलं बांधावर घसरलो.

तेव्हा तू दिवाळीत जे म्हणालास, की आप्पा तुम्ही रात्री दोनला बिबट्याच्या शिवारात जाता आणि मला रात्री गाडी चालवू नको सांगता, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बदकाचं सुचलं, याचं नाही. पाणी द्यावं लागतं, लाईट देतात तेव्हा द्यावं लागतं, एवढंच मी म्हणू शकतो, आणि तू म्हणशील पाळी लावतात तेव्हा करावी लागते. पण बाळू, मी साठी ओलांडलेला माणूस आहे. तुझं आणि माझं सारखं कसं?

हे बरोबर लिहिलं नाही. तुला राग येईल. खोडत नाही, कारण खोडलेलं तू उजेडाला धरून वाचशीलच, लहानपणी माझ्या वहीतलंही असंच वाचायचास.

त्या खोलीत उभा असताना मला २०१९ चा ऑगस्ट आठवत होता. चांदोरी-सायखेड्यात पाणी शिरलं आणि तू कोळ्यांच्या होडीतून लोकं काढायला गेलास. तुझी आई मला म्हणत होती, अडवा त्याला. मी २००८ चा पूर गेटवर काढलेला, त्या पाण्याला काय ओढ असते ते मला माहीत होतं. तरी अडवलं नाही. संध्याकाळी तू कमरेपर्यंत चिखलात माखून आलास आणि म्हणालास भूक लागली आहे. त्या दिवशी नाही अडवलं आणि आता चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या डांबरी रस्त्यासाठी तीन पानं लिहितोय. तेव्हा छाती फुगलेली होती, म्हणून भीती दिसली नाही का मी मुळात तेव्हाच भ्यायला लागलो, माहीत नाही. वय झालं की हे असं उलटं होत असेल.

टेम्पोवाला भाऊ पंचवटी मार्केटला मेथी घेऊन निघतोय, तोच ही पिशवी तुझ्या खोलीवर टाकेल. त्यात बाजरीचं पीठ आहे, तिळाचे लाडू आहेत (वरचे चार बाईचे, थोडे कडक आहेत, पण तिला छान झाले म्हणून सांग), लोणचं आहे, पिशवी उभी धर. मफलर सगळ्यात वर ठेवलाय, म्हणजे पीठ काढायच्या आधी हाताला लागेल.

बुधवारी सकाळी निफाडला स्टँडच्या चहावाल्यापाशी असेन. तू विचारशील की मग तुम्ही अंधारात गाडी काढणार का? नाही काढणार. उजाडलं की निघेन. तुला दहा मिनिटं थांबावं लागलं तर चहा घे.

आणि समजा एसटी चुकली, किंवा तुझं मन नाही ऐकलं, आणि तू मंगळवारी रात्रीच निघालास, तर निघताना मला सांग. आईला नको, मला. मी रागावणार नाही. नुसतं "निघालो" पाठव. मी तसाही जागाच असतो, आणि पुलावरचा आवाज मला ओळखू येतो.

कळावे,
तुझे
आप्पा

ता. क. दिवाळीत तू आणलेली ती डोक्याला बांधायची बॅटरी, जी मी "मी काय खाणीत उतरणार आहे का" म्हणून कोनाड्यात टाकली होती, ती सापडली. मागचं झाकण उघडलं, सेल गळून हिरवे झालेत. कुठले लागतात ते कळव, नाहीतर येताना घेऊनच ये.